डोंगराला पांघरलेली ताडपत्री

महाडच्या स्टँडवर वरंधची एसटी यायची होती. भूशास्त्र शिकलेली इरावती बाकावर बसली होती. शेजारी हैबती आणि प्रयागबाई हे म्हातारं जोडपं बोचकी घेऊन बसलं होतं. दरडीच्या भीतीने आठवडाभर लेकीकडे राहून ती दोघं आज घरी निघाली होती.

"छपरासाठी मिळालेली ताडपत्री तू डोंगराला पांघरलीस. सगळी वाडी हसली," हैबती प्रयागबाईला म्हणाला.

"हसू दे. घरामागं हात जाईल एवढी भेग पडलेली. तिच्यात पाणी शिरलं असतं म्हंजे?"

"घरात शिरलं त्याचं काय? माझं अंथरूण भिजलं!"

"अंथरूण वाळतंय की."

इरावतीला राहवलं नाही. "आजी, ताडपत्रीखालून पाणी नाही गेलं?"

"कडंनं दगड ठेवलं, आन् वरच्या अंगाला चर खणला. पाणी बाजूनं गेलं."

"आणि भेग?"

"जरापन वाढली नाय, गो! काल तलाठी सायेब वाडीत जाऊन बघून आले. फोनवर म्हनाले, आता खुशाल घरी जावा."

"चर मी खणला," हैबती मध्येच म्हणाला.

"खणलात, पन मला शिव्या देत."

"शिव्या दिल्या म्हनून चर काय उथळ झाला?"