रुद्रम्मा उठल्या नाहीत

तुळजापूर-नळदुर्ग एसटीत त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या सास्तूरच्या रुद्रम्मा मांडीवर खोकं घेऊन बसल्या होत्या. शेजारणीनं विचारलं,

"काय घेतलं, मावशी?"

"होम थेटर. लेकानं नळदुर्गात घर बांधलंय, खाली लई मोठं तळघर हाय, तिथं लावायचंय."

"कसं निवडलं?"

"पहिल्याचा आवाजाचा डबा असा घुमला, की म्या लेकाला वढत दुकानाभाईर!"

"अगं बाई! भूकंप वाटला?"

"व्हय. दुसऱ्यालाबी पळाले. हे लावलं, समदं दुकान दणाणलं, पर ढोल ढोलासारखाच वाजला, म्या बसून राह्यले. लेक म्हणला, हेच द्या. एकच बटण, आन् सस्तंबी."

"पर तळघरात उतराल?"

"भूकंपापासून पत्र्याखालीच निजते, बाई. पर ह्या आवाजाला न्हाई भ्याले, तवा आज लेकाच्या आधी उतरणार. बटणबी म्याच दाबणार!"