मालाची गाठ, पोरीची झोळी

काल सकाळी बरोबर सव्वासहाला सुरू झालं सगळं. ट्रक चालवायला शिकणारे आमचे हे नाचतच घरात आले. "उस्ताद म्हणाले, शिकणं संपलं! उद्या लूमची मशीन घेऊन धुळ्याला एकटा जा."

यांची गाडी सपाट, बाजूंना कठडेच नाहीत. माल टिकतो तो नुसत्या दोराच्या गाठीवर. मला काळजीनं दिवसभर घास उतरेना. संध्याकाळी म्हटलं, "आधी पोरीची झोळी बांधून दाखवा, मालाची गाठ मारून."

त्यांनी हसत हसत छताच्या पाइपाला बांधली. मी पोरीला खाली निजवलं नि स्वतःच झोळीत बसायला गेले.

"अगं ए, थांब! पडशील ना!"

"मी पडेन, तर मशीन राहील होय?"

यांनी सगळं सोडलं, पाय रोवून दोर पुन्हा ताणला. वरचा पाइप कुरकुरला.

"आता बस."

मी बसले. गाठ हलली नाही. यांनी हळूच एक झोका दिला, लग्नानंतर पहिलाच.

आज पहाटे एकटेच निघालेत. धुळ्याच्या रस्त्याला कोणाचं जाणं असेल, तर निरोप सांगा बाई त्यांना: पोरगी त्याच झोळीत निजली, आणि मी आज पोटभर जेवले.