शेलूबाजारपर्यंतची झोप

मालेगावहून बस सुटली, तसं किरकिरणारं दोन महिन्यांचं लेकरू साक्षीच्या मांडीवर गप झालं. शेजारी बसलेल्या गंगूबाईंना राहवलं नाही.

“कुठी चालली वं?”

“शेलूबाजारले. मंग याच गाडीनं वापस.”

“काय काम हाय?”

“काहीच नाही, मावशी. याचं पोट दुखते. बेंबीले हिंग लावला, शेकलं. फक्त गाडीतच झोपते. सकाळी तं याले रडत टाकून मी अंगणात जाऊन बसली. लय वंगाळ वाटलं.”

“अन् तू कवा झोपतं?”

साक्षीनं जांभई दाबली.

“दे त्याले इकडं. टेक डोकं.”

“तुमचं गाव आलं मंजे?”

“लय दूर हाय. झोप तू.”

थोड्या वेळानं कंडक्टर ओरडला.

“किन्हीराजा! मावशी, उतरा, तुमचं गाव आलं!”

“हळू बोल ना, बापू. दोघंबी आत्ताच झोपले. मले शेलूबाजारचं तिकीट दे.”