पोपटी साडीतली सातवी बाई

नाव : संघमित्रा शिवदास गमरे, वय ३१ वर्षे, व्यवसाय : नोकरी (चित्रपटांच्या जाहिरातींचे डिझाइन), राहणार : पंतनगर, घाटकोपर पूर्व, मुंबई.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर आईवडिलांसोबत राहते आणि अंधेरीतील एका कंपनीत काम करते. कंपनीकडे सध्या 'उंबऱ्याबाहेरची' या भुताच्या चित्रपटाच्या जाहिरातीचे काम आहे. त्यातली म्हातारी भेटेल त्याला घरी सोडायला सांगते आणि जो सोडतो त्याचे वाटोळे होते. म्हणून सगळ्या जाहिरातींवर 'तिला घरी नेऊ नका' हे एकच वाक्य आहे.

होर्डिंग, रिक्षामागचे स्टिकर, पॉपकॉर्नचे डबे, मोबाइलवरच्या पोस्ट, सगळे एकाच घरचे दिसले पाहिजे, हे बघणे माझे काम आहे. अक्षर एक, शेवाळी हिरवा रंग एक. यात मी कोणाचे ऐकत नाही. ऑफिसात मला सासू म्हणतात, म्हणोत बापडे. याशिवाय आम्ही नाटकात काम केलेल्या सहा वयस्कर बायका नेमल्या आहेत. त्या शेवाळी साडी नेसून मॉलमध्ये आमच्या पोस्टरपाशी बसतात आणि लोक त्यांच्यासोबत फोटो काढतात. त्यांनी बोलायचे नाही आणि कोणाला हात लावायचा नाही, हा नियमही मीच केला आहे.

आज दुपारी लोकांनी टाकलेले फोटो तपासताना मुलुंडच्या एका मॉलमधला फोटो दिसला. त्यातल्या बाईंची साडी पोपटी होती. माझे डोकेच फिरले. बायकांचे काम बघणाऱ्या मनाली पेडणेकर हिला फोन करून मी म्हणाले, "पोपटी साडी कोणी दिली गं हिला? वाट लावली सगळ्याची." ती म्हणाली, "अगं, मुलुंडला आज आपली कोणीच नाहीये. सगळ्या कांदिवलीला आहेत ना."

मग तिथलाच एक व्हिडिओ सापडला. त्या बाई एका मुलाला म्हणत होत्या, "बाबू, माका घराक सोडशीत?" मुलगा हसत हसत मागच्या पोस्टरवरचे वाक्य दाखवत होता. माझ्या मनात पहिले हेच आले की, ही आपल्या सहाजणींपेक्षा चांगली करते. मग लक्षात आले की त्यांनी त्याची बाही धरली आहे आणि ती सोडत नाहीत. आमची कोणी असे करणार नाही.

मी मॉलच्या सुरक्षारक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, "पिक्चरवाली ना मॅडम? सकाळपासून बसलीय. तुमची परमिशन आहे म्हणून आम्ही काय बोललो नाय." त्यांना पाणी द्या, कुठे जाऊ देऊ नका, असे सांगून मी रिक्षाने मुलुंडला गेले. बाई पोस्टरखाली बसल्या होत्या. त्यांनी नाव वनमाला सांगितले, घर कुठे ते सांगता येईना. नवरा धाकू फणस घेऊन येतोय, मग जाऊ, एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. ते कधीच वारले, हे नंतर कळले. मी त्यांना या पोलीस ठाण्यात आणले. येथील साहेबांनी आजूबाजूच्या ठाण्यांत विचारले, पण हरवल्याची नोंद तोवर कुठेच नव्हती.

येथे बसूनच मी त्यांचा फोटो चित्रपटाच्या खात्यावर टाकला. सोबत लिहिले, 'या बाई आमच्या चित्रपटातल्या नाहीत. घरचे शोधत असतील, कृपया कळवा.' भराभर उत्तरे आली. 'झकास मार्केटिंग', 'भारी यार, फाटली', असली. लोकांना झाले काय, मला कळेना. तेवढ्यात मनालीचा फोन आला, "मस्त झालीय गं नवी पोस्ट. मला बोलली नाहीस ती?" तेव्हा मी पोस्ट नीट पाहिली. सवयीने मी चित्रपटाचेच अक्षर वापरले होते आणि कडेला शेवाळी पट्टीही दिली होती. हात आपोआप तिकडे गेला होता. मी ती पोस्ट काढून टाकली. कोऱ्या कागदावर पेनाने तोच मजकूर लिहून तो वनमालाबाईंच्या हातात दिला आणि फोटो काढला. फोटो वाकडा आला, तसाच टाकला. थोड्याच वेळात फोन आला.

फोन त्यांचा मुलगा हर्षद तोरसकर यांचा होता. ते सकाळपासून भांडुपमध्ये गल्लोगल्ली आईला शोधत होते. ठाण्यात आल्यावर ते मला म्हणाले, "तुमची पहिली पोस्ट मलापण आली होती. हिरवी पट्टी बघून पिक्चरची जाहिरात वाटली, वर सरकवली. आईच्या तोंडाकडे बघितलंच नाही मी." ते रागावले असते तर बरे झाले असते. वनमालाबाईंनी त्यांनाही विचारले, "बाबू, माका घराक सोडशीत?" ते म्हणाले, "चल गो आये."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्याविरुद्ध कोणाची असल्यास ती रास्त आहे.

हा जबाब संगणकावर टंकून मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी 'चित्रपटातील पात्रासारखी दिसणारी वृद्ध महिला' असे होते, ते मी बदलायला लावले. त्या जागी आता वनमाला धाकू तोरसकर, वय ७४ वर्षे, राहणार भांडुप, असे लिहिले आहे. आता बरोबर आहे.