चिमूटभर धूप

ज्या दालनात ख्रिस्ती धर्माच्या इतिहासाची तोंडी परीक्षा चालली होती, त्याच्या दाराबाहेर एक सुतार खिडकीची मोडकी चौकट ठोकीत होता. बाकावरील मुलगी व तिची आत्या यांचे बोलणे कानी पडताच त्याचा हातोडा आपोआप थबकला.

“आत्या, मला आत जायचंच नाही.”

“अगं, सगळं तर तोंडपाठ आहे तुला!”

“पाठांतराचं नाही गं. सर शेवटी सगळ्यांना एकच विचारतात. रोमन सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाकला की ख्रिस्ती माणूस सुटायचा, नाही टाकला तर सिंहाच्या तोंडी. ‘तू काय केलं असतंस?’ असं.”

“मग सांग की, सिंहापुढे गेले असते म्हणून. आत कुठे सिंह बांधलाय?”

“पण मी धूप टाकला असता, आत्या. मला पालीचीसुद्धा भीती वाटते.”

“हळू बोल! तुझे बाबा चर्चमधल्या मंडळीचे पाळक, आणि आज पाहुणे म्हणून आतच बसलेत.”

“म्हणून तर अडलंय. खरं बोलले, तर ते मंडळीला तोंड कसं दाखवतील?”

“आणि खोटं बोललीस तर?”

“तर मी बाबांना तोंड कसं दाखवू?”

इतक्यात शिपायाने मुलीस आत बोलाविले. दार अर्धवट उघडेच राहिले. अखेरीस तो प्रश्न विचारला गेला, आणि सुतार हातोडा खाली ठेवून दाराकडे सरकला.

मुलीने तोंड उघडण्याआधीच पाळकांचा आवाज आला, “सर, जरा थांबा. तिच्याआधी हे मला विचारा. सिंहाची भीती मलाही वाटते.”