नव्या चौकातली उसनी आजी

—एका हाताने नाही हो, दोन्ही हातांनी धरा. अर्धा हात लांब पाव आहे, वर अळंबी, वर चीज, वर टोमॅटोचा सॉस — मधे मोडला की सगळं बुटांवर. काल एका जर्मन साहेबांचं असंच झालं, आणि वर ते मलाच विचारतात, हीच खायची पारंपरिक पद्धत का? म्हटलं, हो. आता काय सांगणार?

तुम्हीपण यादीवालेच ना? वहीवरूनच कळतं. 'क्राकोवला गेलात तर हे खाच' — लिहा, लिहा, मला काही वाटत नाही. ओब्वाझानेक लिहिलंत? खसखस लावलेलं पावाचं पिळदार कडं ते — सकाळी घ्यायचं, गाडीवरून, गरम असताना. दुपारपर्यंत त्याचा दगड होतो, आम्ही तो कबुतरांना टाकतो, आणि नेमके तेव्हाच तुमचे लोक ते घेतात आणि दात सांभाळत म्हणतात, काय अस्सल चव आहे. ते समोर धुरावलेलं चीज विकतोय ना, डोंगरवाल्यांच्या टोपीतला? दहाला टोपी घालतो, पाचला काढून पिशवीत ठेवतो. जन्म इथलाच, मागच्या गल्लीतला, डोंगर चढायचा म्हटलं तर दम लागतो त्याला. आणि हे तुमच्या पुढ्यातलं कोम्पोट — सुक्या आलुबुखारांचं उकळलेलं पाणी. आम्हाला शाळेत ते संपवल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. आता काचेच्या बरणीत पुदिन्याची काडी खोचली की तुम्ही त्याचे फोटो काढता. काढा.

हो, ती भिंतीवरच्या फोटोतली आजीच. डोक्याला रुमाल, काखेत बदक. म्हणजे — थांबा, गाडी आली का ती? नाही, भाजीवाल्याची. एका गाडीची वाट बघतेय मी, म्हणून माझं लक्ष नाही. तर आजी. आता तुम्ही विचारलंच आहे, आणि आज माझ्या तोंडाला काही कुलूप राहिलेलं नाही, तर ऐका. ती माझी कुणी नाही.

असं बघू नका. आधी मी खरंच सांगत होते. सहा वर्षांपूर्वी तुमच्यासारखीच एक मुलगी आली, वही घेऊन, खाल्लं, डोळे मिटले, म्हणाली, ही कृती कुणाची? मी म्हटलं, माझ्या आईची. तिचं पेन तयार. म्हटलं, आई नोवा हुतात पोलादाच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये होती, तीस वर्षं, एकेका पाळीला तीनशे माणसं जेवायची, तिथं शिळ्या पावाचं काय करायचं म्हणून तिनं हे सुरू केलं. पेन बंद. छान छान म्हणाली आणि पलीकडच्या दुकानाच्या खिडकीत गेली — तिथल्या बाईनं सांगितलं की तिची पणजी जंगलातून अळंबी वेचून आणायची. दुसऱ्या महिन्यापासून त्या खिडकीपुढे रांग कोपऱ्यापर्यंत, आणि माझ्यापुढे कोण? कबुतरं.

मग शनिवारी इथं जुना बाजार भरतो ना, त्यात मेलेल्या माणसांच्या घरातलं सामान विकणारा एकजण बसतो. चमचे, मेडल, कुणाकुणाच्या लग्नाचे फोटो. त्या ढिगातून मी हिला उचललं. चेहरा चांगला वाटला. फ्रेम केली, टांगली. आणि खोटं मी एक अक्षर बोलले नाही बरं का, निदान सुरुवातीला. गिऱ्हाईकच म्हणायचं, आजी का? मी फक्त नाही म्हणायचे नाही. मग विचारायचं, गावाकडची? मी अळंबी हलवत राहायचे. मग कुणीतरी म्हणालं, युद्धाच्या काळातली दिसते — तिथं माझी जीभ घसरली. म्हटलं, जंगलात लपलेल्या आपल्या पोरांना हीच खाऊ घालायची. हेच! पाव, चीज आणि टोमॅटोचा सॉस, बर्फात, जर्मनांच्या नाकासमोर. एकही माणूस हसला नाही. एका बाईंनी तर डोळे पुसले. हा पदार्थच मुळी माझ्या शाळेच्या दिवसांत निघाला, हे या शहरातल्या कुठल्याही साठीच्या माणसाला विचारा, पण विचारतो कोण? उलट एकानं विचारलं, यात बदकाची चरबी असते का? तेव्हापासून पाटीवर तेही आहे. नसते हो. तुम्ही खाताय त्यातही नाही.

तर असं सगळं बरं चाललेलं. आणि गेल्या शरदात एक म्हातारी आली, ऐंशीच्या पुढची, हातात जाळीची पिशवी. काही मागेना. नुसती फोटोकडे बघत उभी. मी आपली नेहमीची टकळी सुरू केली, जंगल, बर्फ, पोरं. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेवटपर्यंत. मग म्हणाली,

"ही माझी आई आहे. पेलागिया. बदक शेजाऱ्यांचं होतं."

माझ्या हातातला झारा तसाच. कुठं पळणार? या खिडकीला मागचं दार आहे, पण तव्यावर अळंबी होती. फोटो खाली काढला, कागदात गुंडाळला, माफी मागितली, रडले पण असेन. तिचं नाव तेओफिलाबाई. भावानं आईचं बोख्न्यातलं घर विकताना सगळं त्या बाजारवाल्याला उचलून दिलं होतं, तिला न विचारता. मी पुडकं पुढे केलं तर घेईना.

"राहू द्या लुत्सीनाबाई," पाटीवरचं माझं नाव वाचून म्हणाली. "आम्हा पोरांवर तिचा हात फार चालायचा. आमच्या घरात तिच्याबद्दल पन्नास वर्षांत कुणी बरा शब्द काढला नाही. इथं काढतात."

आणि मग हळूच विचारलं, त्या पोरांना ती अजून काय काय द्यायची?

मी काय केलं असेल? सांगितलं. सूप द्यायची म्हटलं. मोजे विणून द्यायची. तेव्हापासून दर मंगळवारी येते, त्या बाकावर बसते — ती बघा, निळा कोट. गिऱ्हाइकांना मी आजीबद्दल सांगते ते ऐकते, अर्धा पाव खाते आणि बसनं घरी जाते. मागच्या महिन्यात म्हणाली, तिला आठवायला लागलंय की आई खरंच एकदा मोजे विणत होती. आता बोला.

हो, आज मंगळवारच. तीच तर पंचाईत.

तेओफिलाबाईंनी एकदा मला विचारलं, तुमची आई आहे का हो? आणि मी — सवय, दुसरं काय — म्हटलं, नाही. खोटं. माझी आई आहे. नोवा हुतात, वृद्धाश्रमात, इथून ट्राममध्ये बसलं की अर्धा तास. शहाऐंशी वर्षांची. डोकं माझ्यापेक्षा ठीक. दर रविवारी जाते मी, म्हणजे जात होते. तिथल्या नर्सला कौतुक, तिनं तुमच्यासारख्यांचीच कुठली तरी यादी मोबाईलवर काढून आईला दाखवली — बघा आजी, तुमच्या लेकीची खिडकी, चौथ्या नंबरावर. मी शेजारीच बसलेले. आईनं चष्मा लावला. फोटो बघितला. खालचं सगळं वाचलं, बोट ठेवून, सावकाश, कारखान्याच्या नोटिसा वाचायची तसं. मग म्हणाली, ही कोण?

म्हटलं, आजी.

"कुणाची?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता ओरडेल. तीनशे माणसांच्या गोंगाटात जिचा आवाज भटारखान्यापासून फाटकापर्यंत जायचा, ती बाई. पण नाही. अगदी साध्या आवाजात विचारलं,

"अळंबी पिळून मग परतायची, ते पण हिनंच शिकवलं का तुला?"

आणि मी हो म्हटलं. का, ते विचारू नका. तोंडातून हो गेलं. नर्स तिथंच उभी होती ना, हसत, हातात मोबाईल.

त्यानंतर तीन रविवार मी गेलेली नाही. आधी सर्दी म्हटलं, मग गुडघा म्हटलं. काल आश्रमातून फोन — तुमच्या आईंनी उद्याची सुट्टी मागितलीय, गाडी त्यांना अकराला चौकात सोडेल. कशासाठी? तर बाईंना तुमचं दुकान बघायचंय. मी रात्रभर बसून विचार केला, फोटो काढावा की ठेवावा. काढला तर तेओफिलाबाई कुणाकडे बघणार? ठेवला तर आई — तुम्हीच सांगा, काय केलं असतंत? नका सांगू. तुम्ही काय, जेवून जाल.

आली. ती पांढरी गाडी. बघा, ड्रायव्हरला हात लावू देत नाहीये, वॉकर घेऊन स्वतःच उतरणार — सावकाश गं. कोट कुठला घातलाय तो, कारखान्याच्या पंचवीस वर्षांच्या समारंभातला. आणि हे काय, तेओफिलाबाई कशाला उठल्या? जागा देतायत. बसली. दोघी बसल्या. आता बोलणार त्या. बोलतायत बघा. तेओफिलाबाई इकडे बोट दाखवतायत, फोटोकडे — काय सांगतायत कोण जाणे, मोजेच सांगत असतील. आई मान हलवतेय. ऐकू येतंय का हो तुम्हाला काही? मला नाही येत, या एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात.

आई उठली. इकडेच येतेय.

तुमचं झालं ना खाऊन? मग सरका. वही ठेवा आत, तिचं काही लिहायचं नाही. फोटो तर अजिबात नाही. मागचे साहेब, तुम्ही पण जरा बाजूला व्हा, रांगेचं नंतर बघू. कोण काय कोण — माझी आई आहे ती. वाट द्या.