दोघांची ढवळणी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या आपल्या काकू आणि या शेतावर एका कुटुंबासारखे राहणारे तुम्ही सर्वजण,

मला भाषणाची सवय नाही. मी इथल्या ‘राजां’ची थोरली बहीण. राजे पन्नाशीचे झाले, तरी त्यांना हिशेब कळत नाही, रस्ता ओलांडता येत नाही. आईबाबा गेल्यावर माझी झोप उडाली होती. माझ्यामागे याचं कोण? त्याला घेऊन या शेतावर आले, तर काकूंनी त्याला गोठ्यात नेलं, हाती खराटा दिला आणि म्हणाल्या, “राजे, आम्हाला माणूस कमी पडतंय.” तेव्हापासून तो इथलाच.

मग काकू लेकीकडे राहायला जाणार असं ठरलं. त्यांच्या जागी राजांसारख्यांना सांभाळायला नवी ताई आली. आमचे राजे पिशवी भरून फाटकापाशी जाऊन बसले. “काकू नाही, तर मीपण नाही.” जेवायलाही उठेनात. शेवटी मी त्याला न्यायला आले. खरं सांगू? माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत याला करण्यासारखं काहीच नव्हतं.

त्या दिवशी ढवळणी होती. शेण भरून हिवाळाभर जमिनीत पुरलेली गाईची शिंगं उकरली होती. त्यातलं खत पिंपातल्या पाण्यात तासभर ढवळायचं; भोवरा पडला की मोडायचा, उलटा फिरवायचा. हात थांबवायचा नाही, म्हणून दोघं लागतात. काकूंचा खांदा दुखावलेला. ताई एकटीच ढवळत होती, घामाघूम. काकूंनी फाटकाकडे बघून नुसतं म्हटलं, “राजे, ती एकटी आहे हो.”

हा पिशवी तिथेच टाकून उठला. तरातरा आला आणि ताईच्या हातातली काठी घेतली. याला राग आला असं वाटून बिचारी बाजूला जायला निघाली.

“कुठे चाललीस?” हा म्हणाला. “मी दमलो की तुझी पाळी.”

मी गोठ्यातल्या पालथ्या बादलीवर बसून रडले. काकू मात्र हसत होत्या! संध्याकाळी ताई आणि हा वाफ्यांवर ते पाणी शिंपडत फिरत होते. मला पाहून राजे म्हणाले, “तू जा घरी. मला काम आहे.”

आणि मी गेले. त्या रात्री गाढ झोपले.

काकू, तुमच्या जाण्याचं वाईट वाटतं. पण घोर नाही, हे तुमचंच देणं. सर्वांची मनापासून ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर बहिणीची माया समजून पोटात घाला. नमस्कार.